खरा विश्वास व खरा अविश्वास

(वाचावयाचे पाठ : गणना १३ व १४, मार्क ९:१४–२९, इब्री ३:७–१९, याकोब २.)



अविश्वासी हा शब्द आमच्या मंडळ्यांत फार स्वस्त झाला आहे. ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही त्यास आम्ही अविश्वासी म्हणतो, ही तर जुनीच वहिवाट आहे. परंतु हल्ली हा शब्द मंडळीच्या आतही धोंड्यासारखा फेकला जातो. एखाद्या बाईचे लेकरू तापाने दगावते, आणि तिचे डोळे सुकले नाहीत तोच कोणी येऊन तिला सांगतो की, बाई, तुमचा विश्वास कमी पडला, नाही तर लेकरू वाचले असते. एखाद्या शेतकऱ्याची कपाशी बुडते, तो दोन रविवार उपासनेस येत नाही, आणि वडीलजन आपसांत म्हणतात की, ह्याचा विश्वास गेला. उलट, जो मनुष्य दर रविवारी पुढल्या रांगेत बसतो, ज्यास गीते तोंडपाठ आहेत, जो लांबलचक प्रार्थना करतो, त्यास अविश्वासी म्हणावयाचे कोणाच्या स्वप्नीही येत नाही. मग तो मापात पाप करो, सुनेस छळो, की शेजाऱ्याच्या धुऱ्यात नांगर घालो.

ह्यास्तव ह्या खेपेस आम्ही हा शब्द शास्त्राच्या उजेडात नेऊन पाहण्याचे योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. शास्त्रात ज्यास अविश्वास म्हटले आहे तो शंका नव्हे आणि दुःखही नव्हे. देवाचे म्हणणे कळले असता त्यास पाठ दाखविणे, हा अविश्वास होय. आणि विश्वास म्हणजे मनातील खात्रीचे वजन नव्हे. आपला भार देवावर टाकून, जेवढे कळले तेवढ्यात त्याच्या मागे चालू लागणे, हा विश्वास होय.

१. शब्दांचा अर्थ

प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण आमेन म्हणतो. हा शब्द इब्री भाषेतील ज्या धातूपासून आला आहे, त्याचा अर्थ पक्के असणे, टिकून राहणे असा आहे. आणि जुन्या करारात विश्वास ठेवणे ह्यासाठी जो शब्द येतो तोही त्याच धातूचा आहे. म्हणजे घराच्या मधल्या खांबास पाठ टेकून बसावे, तसे देवास टेकणे, हा त्या शब्दाचा भाव आहे. आहाज राजाचे मन शत्रूच्या भीतीने झाडाच्या पानाप्रमाणे कापत होते, तेव्हा यशयाने ह्याच धातूवर दुहेरी अर्थ साधून त्यास बजाविले की, जो देवास टेकत नाही तो टिकत नाही (यशया ७:९). आपला विश्वास हा शब्दही मोठा अर्थपूर्ण आहे. तो श्वस्, म्हणजे श्वास घेणे, ह्या धातूपासून झाला आहे. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, भय वाटत नाही, त्याच्यावर आपला विश्वास असतो. लेकरू आईच्या मांडीवर निजते तेव्हा ते आईविषयी मोठा सिद्धांत सांगत नाही; ते निर्धास्तपणे अंग सोडून देते, इतकेच.

आता दुसरा शब्द पाहा. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यात अविश्वासाबद्दल दोन शब्द येतात. एकाचा अर्थ भरवसा न धरणे, व दुसऱ्याचा अर्थ सांगितलेले न मानणे, आज्ञेस नकार देणे असा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अठराव्या व एकोणिसाव्या वचनांत हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात : एका वचनात म्हटले आहे की त्या लोकांनी आज्ञा मानली नाही, आणि लगेच पुढल्या वचनात तेच त्यांचे अविश्वासामुळे अडणे ठरविले आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही (३:३६) पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्याच्या उलट बाजूस जो उभा केला आहे, तो मूळ भाषेत पुत्राचे न मानणारा असा आहे.

हे समजावयास आपणांस ग्रीक भाषेची गरज नाही. आपल्या घरी आई म्हणते की, पोरगा ऐकत नाही. तेव्हा पोरगा बहिरा आहे असा अर्थ कोणी करीत नाही. त्याच्या कानांत सारे शिरले आहे, त्यास सारे कळले आहे. पण त्याने न करावयाचे ठरविले आहे. शास्त्रातील अविश्वास तो हाच.

२. शंका घेऊन जो ख्रिस्ताकडे येतो

मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या झटके येणाऱ्या मुलास घेऊन येतो. शिष्यांकडून काही झाले नाही. लोकांची गर्दी जमली आहे, शास्त्री वाद घालीत आहेत, मूल जमिनीवर लोळत आहे. बापाची आशा इतकी खचली आहे की तो प्रभूस म्हणतो, तुमच्याने काही होत असेल तर करा. प्रभू त्याच्या त्या 'होत असेल तर' ह्यास हटकतो. तेव्हा तो बाप ओरडून दोन गोष्टी एका श्वासात कबूल करतो : मी विश्वास ठेवतो असेही म्हणतो, आणि माझ्या अविश्वासावर तुम्हीच उपाय करा असेही म्हणतो.

बंधूंनो, पुढे काय झाले हे नीट पाहा. प्रभूने त्यास असे सांगितले नाही की, घरी जा, आधी विश्वास पुरा कर, मग मुलास आण. त्या अर्ध्यामुर्ध्या, फाटक्या विश्वासावरच त्याने मुलास बरे केले. कारण त्या बापाचे मन डळमळीत असले तरी त्याचे पाय योग्य ठिकाणी आले होते. तो शंका घेऊन ख्रिस्तापासून दूर गेला नाही. शंकेसह त्याच्याकडेच आला.

असे दाखले शास्त्रात पुष्कळ आहेत. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडल्यावर त्यास प्रश्न पडला की, येणारा तो हाच, की दुसऱ्याची वाट पाहावी? त्याने तो प्रश्न मनात कुजविला नाही. माणसे पाठवून थेट प्रभूसच विचारला. प्रभूने उत्तर दिले, आणि माणसे परत जाताच लोकांपुढे योहानाची थोरवी गायिली (मत्तय ११:२–११). पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हा प्रभूने त्यास अल्पविश्वासी म्हटले खरे, पण ते म्हणण्याआधी हात पुढे केला (मत्तय १४:३१). थोमास दहा जणांची साक्ष पटली नाही. तथापि तो त्यांस सोडून गेला नाही, आठ दिवसांनी त्यांच्याच बरोबर होता, आणि तेथेच प्रभू त्यास भेटला (योहान २०).

आता दुसऱ्या बाजूस नासरेथ गाव पाहा (मार्क ६:१–६). तेथील लोकांस येशूविषयी कोणती माहिती नव्हती? त्याची आई, भाऊ, बहिणी, त्याचा सुतारकीचा धंदा, सारे त्यांस ठाऊक होते. ते सभास्थानात बसले होते, शास्त्र ऐकत होते, त्याच्या शहाणपणाचे आश्चर्यही करीत होते. आणि तरी शास्त्र सांगते की त्यांच्या अविश्वासाचे प्रभूस नवल वाटले. तेव्हा अविश्वास ही वस्तू दूरच्या रानातच सापडते असे नाही. ती उपासनामंदिरात, चटईवर, पुस्तक हाती घेऊन बसलेली असू शकते. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती नावे आहेत, त्यांनी नासरेथचा हा पाठ वरचेवर वाचावा.

३. कादेशाच्या वेशीवरून मागे वळलेले लोक

अविश्वास म्हणजे काय हे सांगताना इब्री पत्राचा लेखक जुन्या करारातील कोणती गोष्ट काढतो? कादेशाची. बारा हेर कनान देश पाहून आले. द्राक्षांचा घोस दोघांनी काठीवर टांगून आणला होता. बाराही जणांनी देश चांगला आहे असेच सांगितले. दहा जण म्हणाले, तेथील माणसे धिप्पाड आहेत, नगरांस तट आहेत. हे खोटे नव्हते. कालेब व यहोशवा ह्यांनीही तट नाहीत असे म्हटले नाही. मग अंतर कोठे पडले? दहा जणांनी तट पाहिले आणि देवास हिशेबातून वगळले. दोघांनी तेच तट पाहिले आणि ज्याने समुद्रातून आणले त्यास हिशेबात धरले. लोकांनी दहांचे ऐकले, आणि दुसरा पुढारी नेमून मिसरात परत जावयाचा बेत केला. हाच तो अविश्वास. भीती वाटणे हा अविश्वास नव्हता. मिसराकडे तोंड फिरविणे हा होता.

परंतु ह्या गोष्टीचा जो शेवट आहे, तो आपण बहुधा वाचीत नाही. देवाचा निकाल ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी तेच लोक पहाटे उठले आणि आता आम्ही चढून जातो म्हणाले. मोशेने अडविले, देव तुमच्याबरोबर नाही असे सांगितले. तरी ते चढले, आणि मार खाऊन परतले (गणना १४:४०–४५). काल देवाने जा म्हटले तेव्हा गेले नाहीत. आज जाऊ नका म्हटले तेव्हा गेले. वरवर पाहता कालचे भ्याडपण व आजचे शौर्य ही दोन टोके दिसतात. पण दोहोंचे मूळ एकच, की देवाचे न ऐकणे. ह्यावरून दिसते की विश्वासासारखी दिसणारी एक वस्तू आहे, आणि तिचे नाव धाडस.

४. धाडस म्हणजे विश्वास नव्हे

हे आम्ही विशेषेकरून अशासाठी लिहितो की, ह्या धाडसाने आमच्या वऱ्हाडात जीव जातात. मेळघाटात बाळाचे पोट फुगले म्हणजे तापल्या लोखंडाने त्याच्या पोटावर डाग देण्याची रीत आहे; तिला तेथे डंबा म्हणतात. भूमकाकडे बाळ नेणाऱ्या आईस आपण अंधश्रद्ध म्हणतो. परंतु आपल्यापैकी कोणी प्रार्थनेच्या नावाखाली तापाने फणफणलेले लेकरू चार दिवस घरी ठेवील आणि दवाखान्यात नेणे हा अविश्वास आहे असे म्हणेल, तर त्या आईत व त्याच्यात अंतर काय राहिले? तिने लोखंडावर भार टाकला. ह्याने आपल्या हट्टावर टाकला.

पेरणीच्या दिवसांत शेतात साप चावतो. आपल्या देशातील बहुतेक जातींचे साप बिनविषारी असतात. म्हणून मंत्र घालणाऱ्याचा मंत्र पुष्कळदा लागू पडल्यासारखा दिसतो, आणि एके दिवशी विषारी साप चावला म्हणजे त्याच मंत्राच्या भरवशावर माणूस मरतो. महाराष्ट्र राज्याने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध जो कायदा केला, त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. ख्रिस्ती मनुष्यास मात्र ह्यासाठी कायद्याची वाट पाहावयास नको होती. सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकावयास सांगितले, आणि त्यासाठी शास्त्राचे वचनही काढून दाखविले. प्रभूने उडी टाकली नाही (मत्तय ४:५–७). देवाची परीक्षा पाहणे त्याने नाकारले. यशयाने हिज्कीया राजास देवाचे वचन सांगितले की तू बरा होशील, आणि त्याच तोंडाने त्याच्या गळवावर अंजिरांची चकती बांधावयास लाविली (२ राजे २०:५–७). वचन व औषध ह्यांचे वैर यशयास ठाऊक नव्हते.

आमच्या भागातील मिशनच्या वडील मंडळींसही ते ठाऊक नव्हते. १९३८ साली वाशीम येथे, जे गाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या बाईंनी रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना सुरू केला. अचलपूरजवळ कोठारा येथे महारोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. ही कामे करणाऱ्यांची प्रार्थना कमी होती असे कोणी म्हणणार नाही. ज्या हातांनी प्रार्थना केली त्याच हातांनी जखमा धुतल्या. तेव्हा उपदेशक बंधूंनो, साप चावला तर आधी १०८ क्रमांकास फोन करा, मनुष्यास हालू देऊ नका, त्यास जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवा. आणि प्रार्थना करावयाची ती त्याच्याजवळ बसून वाटेने करा. देव वाटेवरही ऐकतो.

५. जे बरे झाले नाहीत त्यांच्याविषयी

परंतु दवाखान्यात नेऊनही लेकरू गेले तर? प्रार्थना झाली, औषध झाले, आणि तरी घर रिकामे झाले तर? अशा घरी जाऊन तुमचा विश्वास कमी पडला असे म्हणणारा मनुष्य शास्त्र जाणत नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली (२ करिंथ १२:७–९). त्रफिमास तो मिलेत येथे आजारी ठेवून आला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर त्याने उपाय सांगितला, त्यास दोष दिला नाही (१ तीमथ्य ५:२३). ह्यांस अविश्वासी कोण म्हणेल? इब्री पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या जोरावर ज्यांनी राज्ये जिंकली, सिंहांची तोंडे बंद केली, त्यांची नावनिशी आहे. आणि त्याच ओळीत, मध्ये भिंत न घालता, जे मारले गेले, जे उघडेवाघडे रानांत भटकले, त्यांचीही आहे. दोघांच्याही विश्वासाची साक्ष सारखीच दिली आहे (इब्री ११:३३–३९). तेव्हा विश्वास हे देवाकडून हवे ते काढून घेण्याचे यंत्र नव्हे. तसे असते तर गेथशेमाने बागेत प्रभूची प्रार्थना अपुऱ्या विश्वासाची होती असे म्हणण्याची पाळी आली असती. आणि असे बोलण्यास कोणाची जीभ उचलेल?

शेतकरी बांधवांविषयीही हेच. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी असे घर जवळून पाहिले आहे. पाऊस उघडीप देतो, दुबार पेरणीस पैसा नसतो, बोंडअळी पडते, भाव पडतो, सावकार दारात उभा राहतो. आणि मनुष्य बोलेनासा होतो. अशा मनुष्याच्या ओसरीवर जाऊन त्यास विश्वासावर व्याख्यान देऊ नये. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली निजून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्यास काय पाठविले? दटावणी नव्हे. दूताने त्यास उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले, निजू दिले, पुन्हा उठवून पुन्हा दिले. कारण वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती, हे देवास ठाऊक होते (१ राजे १९:४–८). बोलणे त्यानंतर झाले, तेही मंद वाणीने. ज्या मंडळीस असा एलीया आपल्या गावात दिसतो तिने भाकर न्यावी, रात्री त्यास एकटे सोडू नये, बँकेत व कचेरीत त्याच्याबरोबर जावे, आणि मन फारच खचले असेल तर डॉक्टरकडेही न्यावे. ह्यात मंडळीच्याच विश्वासाची परीक्षा आहे, त्या मनुष्याच्या नव्हे.

६. बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त भेटला नव्हता

येथवर आम्ही दुबळ्यांची बाजू मांडली. आता बळकटांस दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी वऱ्हाडाबाहेरील, पण साऱ्या मराठी मंडळीस पूज्य असलेल्या एका बाईंची साक्ष घेतो. पंडिता रमाबाई ह्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्या संस्कृतात पारंगत होत्या, त्यांनी ख्रिस्ती मताचा कसून अभ्यास केला होता, आणि ते खरे मानून त्यांनी ते पत्करले होते. ह्यात ढोंग तिळमात्र नव्हते. तथापि १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. आणि हे कळून येण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. त्या सुमारास त्यांच्या वाचनात एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त आले. तो पाळकपण करीतच होता, आणि आपल्याच उपासनामंदिरात उपदेश करीत असता त्याच्या मनाचा पालट झाला होता. ते वाचून रमाबाईंनी स्वतःस विचारले की, माझे कसे आहे?

उपदेशक बंधूंनो, ह्यावर थोडे थांबा. पाळकाचा पालट उपदेशपीठावर झाला. पंडितेस ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी भेटला. मग दर रविवारी विश्वासाविषयी बोलणारे आपण, आपणांस तो प्रश्न लागू नाही असे का धरून चालतो? याकोब सांगतो की देव एक आहे हे भुतेही मानतात, आणि थरथरतात (याकोब २:१९). तेव्हा नुसते मानणे हा विश्वास असता, तर भुतांची मंडळी फार मोठी असती.

रमाबाईंच्या विश्वासाची खूण त्यांच्या लिहिण्यात जितकी दिसते त्याहून अधिक त्यांच्या चालण्यात दिसते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, उपाशी, बेवारस मुलींस गोळा करून आणले, आणि केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. ज्याने टेकावयास खांब पाहिला, त्याचे हात मोकळे झाले; ते हात मग दुसऱ्यास उचलू लागले.

७. भाकरीसाठी आलेले

दुष्काळाचे नाव निघाले, तर आपल्याच घरची एक गोष्ट बोलून टाकू. १८९९–१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडात सुमारे २९ लाख माणसे होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या काळी अकोल्यास अलायन्स मिशनने व इतर ठिकाणी इतर मिशनांनी अनाथ मुलांस आसरा दिला. आजच्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ तेथला आहे. आणि म्हणून आमच्या तरुणांस अद्यापि टोमणा ऐकावा लागतो की, तुमचे आजे-पणजे भाकरीसाठी बाटले.

ह्या टोमण्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. शुभवर्तमानात प्रभूकडे कोण कशासाठी आले? कोणी डोळ्यांसाठी, कोणी लेकीसाठी, कोणी भाकरीसाठी. पाच हजारांस त्याने आधी जेवू घातले, मनांची झडती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने त्यांस स्पष्ट सांगितले की, तुम्ही पोट भरले म्हणून मला शोधता. आणि भाकरीहून मोठ्या गोष्टीकडे बोलाविले. त्यावर पुष्कळ जण परत फिरले, थोडे राहिले (योहान ६). तेव्हा भुकेने येणे हा अविश्वास नव्हता. बोलाविले असता भुकेपाशीच थांबणे हा होता. पणजोबा कशासाठी आले हा प्रश्न देवाने त्यांच्यापाशी केव्हाच मिटविला आहे. आपल्यापुढे प्रश्न वेगळा आहे : पोट भरल्यावर आपण कशासाठी राहिलो आहो? नोकरीच्या शिफारशीसाठी, शाळेतील जागेसाठी, मिशनच्या जमिनीच्या वादासाठी, की ख्रिस्तासाठी?

८. विहिरीची चव

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर ह्या भागांतील वाचकांस खारपाणपट्टा सांगावयास नको. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर चांगली बांधलेली असते, पाणी निर्मळ दिसते. पण ओंजळ तोंडास लावताच कळते. विश्वासाचेही तसेच. तो दिसण्यावरून कळत नाही, चाखल्यावर कळतो. आणि त्याची चव याकोबाने सांगितलेल्या ठिकाणीच घेऊन पाहावी. सोन्याची अंगठी घातलेल्यास पुढे बसविणे व फाटक्या कपड्याच्यास पायाशी बसविणे, हे ख्रिस्तावरील विश्वासाशी जुळत नाही असे तो म्हणतो (याकोब २:१–४). मग जी मंडळी एकाच प्रभूच्या मेजाशी येते, आणि सोयरिकीच्या वेळी मात्र बाप्तिस्म्याआधीची जात विचारते, तिच्या विहिरीचे पाणी कसे आहे? जो बापाच्या जमिनीतून बहिणीचा हिस्सा गिळतो, जो कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी थकवून मंडळीस वर्गणी देतो, त्याच्या मनात शंका एकही नसेल. पण प्रभूचे म्हणणे त्यास पुरते कळले आहे, आणि तो ऐकत नाही. लेकरू गेलेल्या आईवर आम्ही जो शब्द फेकतो, तो खरे पाहता येथे लागू आहे.

परंतु कोणी म्हणेल, माझ्या विहिरीस खारेच पाणी आहे, मी काय करू? तर ऐका. त्याच खारपाणपट्ट्यातील अकोट, तेल्हारा भागांत आता सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचे गोड पाणी नळाने येते. ते त्या गावच्या मातीतून निघाले नाही, डोंगराकडून आले. विश्वासही आपण आपल्या मनातून उपसून काढावयाचा नसतो. तो देवाचे दान आहे (इफिस २:८). आपले काम इतकेच की भांडे घेऊन नळापाशी जावे. त्या बापाने हेच केले : माझ्यात नाही, तुम्हीच द्या, असे तो म्हणाला.

आणि पाणी मिळाल्यावर पेरावे. आपल्याकडे कित्येक शेतकरी मृगाच्या आधी कोरड्या मातीत सरकी टाकतात. तीस धूळपेरणी म्हणतात. ती करावी की न करावी हे शेतीतील जाणत्यांस विचारावे; आम्ही केवळ दाखला घेतो. आकाशात ढग नसतो, मनात धाकधूक असते, तरी तो मूठ उघडतो. मूठ उघडली हीच त्याच्या भरवशाची खूण; धाकधूक नव्हती असे नव्हे. ज्याने बी मुठीतच आवळून धरले, तो पावसावर कितीही बोलला तरी त्याचे शेत पडीकच राहील.

तर प्रियहो, ह्या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्या. ज्या दुःखी मनुष्यास आपण मनात तरी अविश्वासी ठरविले असेल, त्याच्या घरी जावे आणि काही न शिकविता त्याच्याजवळ बसावे. आणि प्रभूची जी एक आज्ञा आपणांस स्वच्छ कळली आहे व जी आपण टाळीत आलो आहो, ती एक, कोणास न सांगता, पाळण्यास आरंभ करावा. मग विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करावी. ती ऐकली जाईल.

ज्याने बुडत्या पेत्रास आधी हात दिला आणि मग बोल लाविला, तो प्रभू आपणां सर्वांस त्याच्यावर भार टाकण्याची व त्याचे ऐकण्याची कृपा देवो. आमेन.